बड्या दिनाचे तारे

मैद्याची खळ शिजायला लागली की पहिल्यांदा आत्याबाईचं नाक हलायचं. ती मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असली तरी तिला तो वास बरोबर लागे. सूप बाजूला सारून ती म्हणे, "लागली वाटते तुह्या मायची फॅक्टरी." हिवाळा तेव्हा नुकता अंगावर येऊ लागलेला असायचा. उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी शेगडीभोवती गर्दी व्हायची, जेवणात ओल्या तुरीच्या सोल्यांची वांगी यायची आणि दारात संत्र्यांची टोपली. घरात माणसं पाचच. आई, बाबा, मी, माझ्याहून लहान मिलिंद, आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आजी-आजोबांच्या मागं तिनंच बाबांना वाढवलं, शिकवलं, गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात कामाला लावलं. बाबांनी लग्न मात्र स्वतःच ठरवलं. पाय मोडून ते दवाखान्यात पडले होते, तिथं आई नर्सबाईंच्या हाताखाली काम करायची. आईबाप लहानपणीच वारले, मी वसतिगृहात वाढले, एवढंच आईनं घरात सांगितलं होतं, आणि बाबांना तेवढं पुरलं असं आम्ही धरून चाललो होतो. आत्याबाईला पुरलं नाही. "जिचं माहेर कोणी पाह्यलं नाही ते बाई घरात आणली यानं," असं ती शेजारणीला सांगायची, आणि आई ऐकते आहे हे पाहूनच सांगायची.

फॅक्टरी म्हणजे आईचे बड्या दिनाचे तारे. नाताळ हा शब्द आमच्याकडे शाळेच्या पुस्तकातच. बोलताना सगळे बडा दिनच म्हणत. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पौर्णिमेला खीर व्हायची, विहारात जाणं व्हायचं. मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाच्याही घरी बड्या दिनाचं नाव नव्हतं. तरी दरवर्षी डिसेंबर लागला की आई मोठी पितळी परात उपडी घालून तिच्यावर कागद पसरायची आणि आम्हाला हाक मारायची, "या रे पोट्टे हो, हात धुऊन या." बाबा दुकानातून कापडाच्या थानांमधले पुठ्ठे आणायचे. संक्रांत जवळ आल्यामुळे पतंगीचा कागद कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा, लाल, जांभळा, पोपटी. आई बांबूच्या कामट्या विळ्यानं तासून गुळगुळीत करी, दोन त्रिकोण बांधी, एकावर एक उलटे ठेवून दोऱ्यानं आवळी, आणि मग कागद चढवायचं काम आमच्याकडे देई. खळ बोटानं लावायची, जास्त लावली तर कागद ढिला पडून फाटायचा. मिलिंदच्या वाट्याला साखळ्या. कागदाच्या पट्ट्या एकीत एक अडकवत तो अंगणभर लांब साखळी करायचा आणि मग तिच्यात स्वतःच गुंडाळला जायचा. संत्र्याची साल आई अख्खी सोडवायची, ओली असतानाच तिचे छोटे तारे कापून दोऱ्यात ओवायची. वाळले की ते कडक व्हायचे आणि घरभर आंबटगोड वास सुटायचा. कापसाच्या बाहुल्या करायचो, त्यांना पुठ्ठ्याचे पंख. सिगारेटच्या पाकिटातली चांदी मिलिंद रस्त्यावरून वेचून आणायचा, ती पंखांवर.

आताच माझ्या नातीच्या शाळेतून निरोप आला होता, घरी एक ख्रिसमस क्राफ्ट करून आणा म्हणून. सूनबाईनं सीताबर्डीवरून एक तयार डबा आणला. आत कापलेला तारा, चिकटपट्टी, चमकी, सगळं. नातीनं ते चिकटवलं आणि पाच मिनिटांत उठली. मी म्हटलं, खळ शिजवू का? ती म्हणाली, "खळ म्हणजे काय असते आजी?" व्हेरायटी चौकात मेट्रोच्या पुलाखाली आता महिनाभर आधीपासून प्लास्टिकचे लुकलुकणारे तारे टांगलेले असतात, सगळ्या जातिधर्माचे लोक घेऊन जातात, कोणी कोणाला विचारत नाही. आमच्या वेळी एका कागदी ताऱ्यावरून घर तुटायची वेळ आली होती, हे तिला सांगूनही पटणार नाही.

कापसाची बाहुली करताना आई एक खेळ खेळायची. "डोळे मिटा," म्हणायची. मग कापसाचा बारीकसा धागा ओढून तो आमच्या हातावर, कोपरावर, गालावर, पायाच्या बोटांवर हळूच फिरवायची. "कुठी लागलं?" आम्ही बोट ठेवून दाखवायचं. बरोबर आलं की पुढची जागा. मिलिंद गुदगुल्यांनी लोळायचा. आई हसायची नाही. तिचं हे न हसणं मला पहिल्यांदा खटकलं तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. आमचा खेळ तिच्यासाठी खेळ नव्हता. एकदा माझ्या पाठीवर शिब्याचा पांढरा डाग उठला, तेव्हा तिनं कापूस टाकून सुई आणली. सुई टोचल्यावर मी ओरडले, आणि मी ओरडले म्हणून आईनं मला पोटाशी धरलं. लेकरू ओरडल्यावर कोणाला एवढा आनंद होतो? मी कोणालाच विचारलं नाही, पण त्या दिवसापासून मी आईवर नजर ठेवू लागले.

नजर ठेवली की दिसायला लागतं. तारे आमच्या घरात कधी टांगले जात नसत. बड्या दिनाच्या एक-दोन दिवस आधी आम्ही शाळेतून यायचो तर परात जागेवर, कोपरा झाडलेला, आणि एकही तारा नाही. आई संध्याकाळी परत यायची. कुठे गेली होतीस, तर "कामठीच्या मावशीकडे." ही मावशी आमच्याकडे कधी आली नाही, तिच्या घरचं लग्न नाही, बारसं नाही. तारे कोणाला दिले, तर एकदा म्हणाली मावशीच्या पोरांना, आणि पुढच्या वर्षी म्हणाली मावशीला मूलबाळ नाही. परत आल्यावर ती घरात पाऊल टाकायच्या आधी न्हाणीत जायची, नेसत्या लुगड्यासकट. गरम पाणी आधीच सांगून ठेवलेलं असायचं. अंग घासघासून लाल करायची, लुगडं उकळत्या पाण्यात टाकायची, आणि तोपर्यंत मिलिंदला जवळ येऊ द्यायची नाही. आत्याबाई हे सगळं उंबऱ्यावर बसून बघायची आणि मला हळूच म्हणायची, "पाह्यलं? काहून आंघोळ करून राहिली वं तुही माय? मावशीकडून आल्यावर कोणी अशी आंघोळ करते?"

आत्याबाईचे संशय वर्षावर्षाला बदलत गेले. आधी वाटे, आई तारे विकते. मग वाटलं, कोणी पुरुष आहे. पण हे ती तोंडानं बोलली नाही, फक्त आईच्या पिशवीत एकदा हात घालून पाहिला. शेवटी तिचा एकच संशय पक्का झाला, आणि तो तिला पुरुषापेक्षाही जड होता. आई तारे चिकटवताना एक गाणं गुणगुणायची. शब्द नसलेलं, विहारात कधी न ऐकलेलं. "देवळातलं आहे ते," आत्याबाई म्हणाली, "त्याईच्या देवळातलं. आपल्या बुढ्यानं धम्म घेतला तर गावानं पाणी बंद केलं होतं. गाव सोडून आलो आमी. आता हे जाऊन कोण्या दुसऱ्या देवापुढं गुडघे टेकून राहिली असन, तर मले माईत पाह्यजे. या खेपी तू तिच्यासंग जाय. डोये उघडे ठेवजो. आन मले येऊन सांगजो."

त्या वर्षी मोठा तारा झाला होता, माझ्या छातीएवढा. पिशवीत मावत नव्हता. मी म्हटलं, मी धरते. आई नको म्हणाली. मी म्हटलं, बसमध्ये दबून फाटेल. आईनं तारा पिशवीवर धरून मापून पाहिला. मग म्हणाली, "चल. पण तिथं मी सांगीन तसंच करायचं." मला वाटलं होतं ती चिडेल, खोटं बोलेल. ती लगेच हो म्हणाल्यानं मला अजूनच भीती वाटली. निघताना आत्याबाईनं माझ्या खिशात भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा भरल्या आणि माझा खांदा दाबला.

बसमध्ये मी तारा मांडीवर उभा धरून बसले होते. लोक बघत होते. एका बाईनं विचारलं, "बडा दिन आहे का तुमच्याकडं?" आईनं खिडकीबाहेर पाहिलं. कामठी आली. लोक उतरू लागले. मी उठले.

"आई, कामठी आली."

"बस खाली."

"मावशी?"

"बस म्हटलं ना."

बस कामठी सोडून पुढे निघाली. आत्याबाई खरी होती. वर्षानुवर्षं आई खोटं बोलत होती, तेही एवढ्या सहज की बस थांबली तेव्हा तिनं मानसुद्धा वळवली नाही. कन्हानचा पूल आला. खाली नदी बारीक झालेली, वाळूत बाया कपडे वाळवत होत्या. पुलापलीकडे उतरून आम्ही कोळशाच्या ट्रकांनी काळ्या पडलेल्या रस्त्यानं चालत गेलो. आई पुढे, मी मागे. ती रस्ता विचारत नव्हती. शेवटी कडुनिंबांच्या रांगेमागे एक लांब कुंपण आलं, आणि फाटकावर क्रूस.

मी तिथंच थांबले. आई म्हणाली, "चल." आत पांढऱ्या साडीतल्या एक वयस्क सिस्टर समोरून आल्या. आईला पाहून दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "शांती आली! मी सकाळपासून म्हणते, अजून कशी नाही आली." माझ्या आईचं नाव शांता. शांती म्हणणारं कोणी असेल हे मला माहीत नव्हतं. सिस्टरनी माझ्या गालाला हात लावला तशी मी मागे सरकले. उजव्या हाताला प्रार्थनेचं घर होतं, दार उघडं, आत पोरं गात होती, आणि सूर तोच, आईचा. मला वाटलं, आता आई आत जाईल, गुडघे टेकेल, आणि मला ते बघून घरी जाऊन सांगावं लागेल. आई त्या दारावरून सरळ पुढे गेली. आत डोकावलीही नाही.

मागच्या बाजूला कौलारू बैठी इमारत होती, पुढे व्हरांडा. तिथं बाया उन्हाला बसल्या होत्या. मी आधी त्यांचे चेहरे पाहिले, मग हात. काहींच्या हातांना पट्ट्या होत्या, काहींना बोटं नव्हती. एकीचं नाक बसलेलं होतं. महारोग हा शब्द मला माहीत होता. स्टेशनबाहेर असे लोक दिसले की आत्याबाई माझ्या डोक्यावरून पदर ओढायची. मी तारा छातीशी घट्ट धरला, तसा कागद कुठंतरी फाटल्याचा आवाज आला. व्हरांड्याच्या टोकाला खाटेवर एक म्हातारी होती, अगदी लहानखुरी, पांढरे केस बारीक कापलेले. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण पोट्टी आहे वं ही?"

"माझी," आई म्हणाली. "सुजाता."

म्हातारीचा चेहरा एकदम घट्ट झाला. "इले काहून आणलं? तुले किती खेपा सांगितलं, लेकराईले इकडे आणू नको म्हणून! घेऊन जाय तिले. जाय!"

"मोठा तारा होता, माय. एकटीनं येत नव्हता."

माय. आई वारली असं सांगणारी माझी आई एका बाईला माय म्हणत होती. ती खाटेवर बसली, म्हाताऱ्या बाईच्या पायाशी, आणि मला म्हणाली, "हे तुही आजी आहे. हात लावू नको, भीती वाटते तर. पण तारा दे."

मी तारा पुढे केला. आजीनं तो बोटं नसलेल्या दोन तळव्यांमध्ये धरला. फाटलेली जागा तिला लगेच दिसली. "खळ पातळ झाली," ती म्हणाली. "थोडा मैदा जास्त टाकजो." मग बराच वेळ ती माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्या हातांकडे.

आईनं मला सगळं तिथंच सांगितलं, व्हरांड्याच्या पायरीवर बसून, शेंगा सोलत. रोग दिसल्यावर आजीला सासरच्यांनी लेकरासकट बाहेर काढलं. ती चालत इथवर आली. दवाखान्यानं तिला घेतलं, पण निरोगी लेकरांना आत ठेवत नसत. त्यांच्यासाठी कुंपणापलीकडे वसतिगृह होतं. आई तिथं वाढली. कुंपणाच्या या बाजूला माय, त्या बाजूला लेक. रोज दिसायची, जवळ जाता यायचं नाही. फक्त बड्या दिनाला वसतिगृहाची पोरं स्वतः केलेले तारे घेऊन वॉर्डात टांगायला जायची. "ज्याच्या हातात तारा, त्याले आत सोडत," आई म्हणाली. "म्हणून मी दिवाळीपासूनच करायले बसो. एक फाटला तर दुसरा असावा म्हणून. इथल्या देवाले मी काही मागितलं नाही कधी. मले तेवढा एक दिवस पाह्यजे होता."

"बाबाला माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दवाखान्यातच. लग्नाच्या आधी."

"आणि आत्याबाईला?"

आईनं टरफलं पदरात गोळा केली आणि उठली. परतताना सिस्टरनी मला समजावलं की आजीचा रोग औषधांनी केव्हाच बरा झाला आहे, तो आता कोणाला लागत नाही, गेलेली बोटं तेवढी परत येत नाहीत. मी मान डोलावली, पण या रोगात आधी चामडी सुन्न पडते हेही त्यांच्याच तोंडून कळलं, आईचा कापूस आणि सुई आठवली, आणि बसमध्ये सगळा वेळ मी माझ्याच बोटांवर नख टोचून पाहत होते. घरी आल्यावर आईच्या आधी मी न्हाणीत शिरले. आपण का घासतो आहोत हे कळत असताना घासणं फार वाईट असतं. आईला सिस्टरचं म्हणणं पटलेलं होतं, वर्षांपूर्वी. तरी ती घासायची. आम्हा दोघींच्या अंगात ती भीती कुंपणासारखी उभी होती.

आत्याबाई उंबऱ्यावर वाटच बघत होती. मी ओल्या केसांनी बाहेर आले तशी तिनं मला समोर बसवलं. "सांग. गेली का नाही देवळात?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कोठी गेली? कामठीले?"

मी केसांतलं पाणी पिळू लागले. चुलीपाशी आई भाकर थापत होती. ती हात थांबवून म्हणाली, "तिले नका विचारू बाई. मले विचारा." आणि तवा चुलीवर तसाच ठेवून तिनं सांगून टाकलं. चढउतार नाही, रडणं नाही. भाकर जळाल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही. बाबा दुकानातून येऊन दारात उभे होते, त्यांनी शेवटचं ऐकलं.

आत्याबाई त्यांच्याकडे वळली. "तुले माईत होतं?"

"हो."

"आन मले नाही सांगितलं. तुले मी वाढवलं गा. माह्या हातानं वाढवलं."

"सांगितलं असतं तर तू लग्न होऊ दिलं असतं?"

ती उठली. फळीवरून तिचं ताट, तिचा पेला, तिचा तांब्या काढला, वेगळे ठेवले. दुसऱ्या दिवसापासून तिनं अंगणात विटा मांडून आपली भाकर आपणच भाजायला सुरुवात केली. आईच्या हातचं पाणी घेईना, मिलिंद मांडीवर चढला तर त्याचे हातपाय उलटेपालटे करून पाही. आई रोज सकाळी पीठ मळताना आत्याबाईच्या वाट्याचं पीठही मळायची, आणि दुपारी ते गायीला घालायची. संक्रांत आली, तिळगूळ झाला, आत्याबाईनं शेजारणीकडून घेतला. मला वाटत होतं हे आता असंच राहणार.

मग एक दिवस सकाळीच ती पांढरं लुगडं नेसून, कोणाला काही न सांगता बाहेर पडली. दुपार टळल्यावर आली. नंतर आम्हाला कळलं की ती सरकारी दवाखान्यात गेली होती, चामडीच्या डॉक्टरकडे रांगेत बसून, बरा झालेला महारोग कोणाला लागतो का, हे विचारून आली. त्याचं म्हणणं पटलं नाही म्हणून तिथून दुसऱ्या दवाखान्यात चालत गेली आणि दुसऱ्या डॉक्टरलाही तेच विचारलं. ती आयुष्यात कोणाच्या एका शब्दावर विसंबली नाही. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तर ती आपलं ताट घेऊन आली आणि पंगतीत बसली. आईनं वाढलं. आत्याबाईनं घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." बाबांनी मान खाली घातली, ते हसत होते की रडत होते मला दिसलं नाही.

पण कन्हानच्या पलीकडे ती कधी आली नाही. आई आणि मी दरवर्षी जात राहिलो, पुढे मिलिंदही. आजीला घरी आणायचं बाबा म्हणाले, तर आजीच नको म्हणाली, तिथं तिच्या जिवाभावाच्या बाया होत्या. मी कॉलेजात असताना उन्हाळ्यात एका सकाळी तिथून आजी गेल्याचा निरोप आला. बाबा, आई, मी, मिलिंद निघालो. बाहेर येऊन पाहतो तर आत्याबाई चप्पल घालून फाटकापाशी उभी. 

तिथं व्हरांड्यात आजीला ठेवलं होतं. अंघोळ घालायची होती. तिच्या सोबतच्या बाया पुढे झाल्या, पण त्यांच्या हातांनी तांब्या धरवत नव्हता. आई खाली बसून होती, तिला उठवत नव्हतं. मी पुढे होणार, एवढ्यात आत्याबाईनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

"बाजूले व्हा," ती म्हणाली. "माह्या भावाची सासू आहे ते. पाणी थंडं आहे, जरा कोमट करून आणा कोणी."

तिनं आजीला न्हाऊ घातलं. पाठ, मान, पाय, आणि बोटं नसलेले ते दोन्ही हात, बोटं असती तर जसे धुतले असते तसे, जागा न सोडता. केस पुसले. नवं पांढरं लुगडं नेसवलं. सगळं झाल्यावर ती नळावर गेली आणि साबणानं हात धूत राहिली, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा, अगदी आई घासायची तसे. मग ओले हात झटकत आईजवळ येऊन बसली आणि तिच्या कानाशी पण आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"आता खरं सांग शांते. अजून काय काय लपवून ठेवलं आहे माह्यापासून?"

आई सकाळपासून रडली नव्हती. ती आता रडायला लागली, आणि रडता रडता हसली. "काही नाही बाई. काहीच नाही."

"पाहू," आत्याबाई म्हणाली, आणि तिचा हात धरून बसली.